मलकापुरातली दुसरी घंटी

“बाई, एका गावात आगीच्या दोन घंट्या नोका ठेवू,” उकंडराव मला म्हणाले होते. “माह्या घंटीवर लोकं बालट्या घेऊन धावतात. तुमची बी तशीच वाजली त लोकायनं धावाव कोनीकडं?”

मी त्यांना चहा दिला, सोबत दोन शंकरपाळे दिले आणि म्हणाले, “बघते हं.” आमच्यासारख्या घरांतून ‘बघते’ म्हटलं की विषय संपतो, हे त्यांनाही माहीत असावं. त्यांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीशी नेऊन ठेवला आणि गेले.

उकंडराव आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या जिनिंगचे चौकीदार. मलकापुरात राहून ज्यानं कापूस पाहिला नाही तो माणूस नव्हे. पण बाहेरच्यांसाठी सांगते. सरकी निघायची वाट बघत कापसाच्या घराएवढ्या गंज्या जिनिंगच्या आवारात पडून असतात आणि त्यांना एक विडी पुरते. म्हणून फाटकाशी एका खांबावर जेवणाच्या ताटाएवढी काळी विजेची घंटी होती आणि तिचं बटण उकंडरावांच्या खोलीत. अठरा वर्षांत ती तीनदा वाजली होती. तिन्ही वेळा अख्खं गाव धावलं होतं. एकदा तर न्हावी गिऱ्हाईक अर्धं सोडून धावला आणि गिऱ्हाईकही एका गालाला साबण घेऊन त्याच्या मागोमाग धावलं, असं सांगतात. दुसरी गंजी पेटायच्या आत तिन्ही वेळा आग विझली. उकंडरावांना ना पेन्शन, ना शिक्षण, ना ताकद. गुडघे गेलेले. घंटीवर गाव येतं, एवढ्या एकाच गोष्टीवर शेटजींनी त्यांना साठी उलटल्यावरही ठेवून घेतलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच आज लिहायला जड जातं.

आता माझ्या घंटीकडे वळते. आमच्याकडे चैत्र-वैशाखात चोर रात्री येत नाहीत. रात्री लोक अंगणात खाटा टाकून झोपतात, गप्पा मारतात, डास मारतात. चोराला पाय ठेवायला जागा नसते. चोर येतो भर दुपारी, बारा ते चार, जेव्हा सगळं गाव दारं लोटून फरशीवर ओलं फडकं टाकून पडलेलं असतं. त्या वर्षी शेजारच्या वच्छलाबाईंची तांब्याची घागर अशीच गेली. त्या घागरीपासून चार हातांवर झोपल्या होत्या. “मले वाटलं, मांजर हाये,” असं त्या पुढे महिनाभर सांगत होत्या. घागर उचलणारं मांजर केवढं असेल याचा विचार त्यांनी केला नसावा. मी केला. मला झोप येईना.

माझी शैलू तेव्हा दहा महिन्यांची. रांगत कुठेही जायची. आमचे हे मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर. सोमवारी मोताळ्याच्या बाजूला फवारणीला निघाले की शनिवारी परत. गावोगावच्या भिंतींवर फवाऱ्याची तारीख गेरूनं लिहून येणारा हा माणूस स्वतःच्या घरी कोणत्या तारखेला असतो, ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. सासूबाईंनी पत्रातून कळवलं की भीती वाटत असेल तर पोरीला घेऊन इकडे या. इकडे म्हणजे जिथे माझ्या बी.ए.चा उल्लेख ‘तिचं ते’ असा होत असे. तेव्हा घर राखणं मला भागच होतं.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. वच्छलाबाई म्हणाल्या, “अव बाप्पा, कुत्रं पाळ नं! चोराले चावते, पोरीशी खेळते.” कुत्रं पोरीला चावलं आणि चोराशी खेळलं तर काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तू लय शिकलीस, त्याच्यानं असं सुचते तुले.” समोरचे भगवंतराव तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसत एवढंच सांगितलं, “आधी एक अर्ज करून ठेवा.” कुणाकडे, ते नंतर ठरवता येईल.

मी अर्ज केला नाही. स्टेशनजवळच्या मोतीराम फिटरला बोलावलं. तिथेच चुकलं, असं भगवंतराव आजही म्हणत असतील.

मोतीराम रेडिओ दुरुस्त करायचा, जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायचा आणि बोलायचा. त्यानं सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढली. “वहिनी, हे पितळेची पट्टी दाराले, हे चौकटीले. दार उघडलं की पट्ट्या भिडल्या, भिडल्या की घंटी. एकदम सायन्स आहे. चोर जागेवरच बेहोश!”

दोन दिवसांनी तो सायकलच्या मागे काहीतरी पोत्यात बांधून आला. उघडलं तर ताटाएवढी काळी घंटी.

“एवढी मोठी?”

“जिनिंगचीच हाये. इंग्रजाच्या टाइमाले जोडी आणली होती त्याईनं. एक लागली, एक भंगारात पडून राह्यली. मी उचलली.”

“म्हणजे आवाजही तसाच?”

“सेम!” तो अभिमानानं म्हणाला. “मालात फरक नाही बरं का वहिनी.”

सायकलवरून ती घंटी फाटकापुढून येताना उकंडरावांनी पाहिली आणि ते मागोमाग आमच्याकडे आले. त्यांनी काय सांगितलं आणि मी काय केलं, ते वर लिहिलंच आहे. माझा विचार असा की माझी घंटी वाजणारच कशाला? चोर आला तर वाजणार, आणि चोर काय रोज येतो?

घंटी बसवण्याआधी मोतीराम म्हणाला की वीज कचेरीतून मंजुरी लागेल, नाहीतर त्याचं लायसन जाईल. मी शैलूला कडेवर घेऊन गेले. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. पण फॉर्मवर आधी ‘मध्यप्रदेश’ छापलेलं होतं, त्यावर काट मारून ‘मुंबई’चा शिक्का, त्यावरही काट मारून कुणीतरी पेन्सिलीनं ‘महाराष्ट्र’ लिहिलेलं. एकाच फॉर्मानं तीन राज्यं पाहिली होती, त्यामुळे त्याला माझ्या घंटीचं काही वाटलं नसतं. कारकुनाला वाटलं.

“घंटी कशाची? धार्मिक की औद्योगिक?”

“घरगुती.”

“घरगुती घंटी असा रकाना नाही.”

“मग दिवा ज्या रकान्यात येतो त्यात घाला.”

“दिवा उजेड देतो. तुमची घंटी उजेड देते का?”

शैलूनं त्याचं टाचणीचं पाकीट ओढलं. त्यानं ते काढून घेतलं आणि नियम वाचत म्हणाला, “मीटर कोणाच्या नावावर आहे?”

“यांच्या.”

“ते कुठे आहेत?”

“मोताळ्याकडे. फवारणीला.”

“मग ते आले की सही घेऊन या. आणि घंटी औद्योगिक धरली तर नगरपालिकेची ना हरकत लागेल, धार्मिक धरली तर विश्वस्त मंडळाची.”

विश्वस्त मंडळ म्हणून मी, शैलू आणि वच्छलाबाई चाललो असतो की नाही, हे विचारायचं राहून गेलं. शेवटी भगवंतरावांनी ‘सविनय विनंती की’पासून ‘आपली आज्ञाधारक’पर्यंत दोन पानी अर्ज लिहिला. यांनी शनिवारी येऊन न वाचता त्यावर सही केली. सोमवारी कारकुनानं तो ‘संकीर्ण’मध्ये टाकला आणि मंगळवारी माझी घंटी बसली. मोतीरामनं कॅलेंडरच्या मागे बंद-चालूचं बटण दिलं. मी दार उघडून ती एकदा वाजवूनही पाहिली नाही; म्हटलं, आवाज वाया कशाला घालवा.

बुधवारी दुपारी अडीचला ती वाजली.

मी शैलूला उचलून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पोळपाट हातात घेऊन उभी. दार बंद. चोर नाही. घंटी मात्र कानठळ्या बसवत होती आणि मला वाटलं, आता सगळी गल्ली येईल, धीर येईल. गल्ली निघाली खरी. खिडकीतून पाहिलं: वच्छलाबाई बादली घेऊन, भगवंतराव तांब्या घेऊन, मारवाड्याच्या दुकानातले चार जण, टांगेवाले, शाळेतले मास्तर, सगळे माझ्या घरावरून पळत जिनिंगकडे. एकानंही मान वळवली नाही. पुढे उकंडराव फाटकात उभे आणि दोन्ही हात हलवून सांगतायत की माझी नाही, माझी नाही!

चोर खरोखर आला असता तर त्याला अख्खी गल्ली मोकळी मिळाली असती. मी बटण बंद केलं आणि पोळपाट मांडीवर घेऊन बसले.

चोराची भीती होतीच, म्हणून दुपार झाली की मी बटण चालू करायचेच; गुरुवारी पुन्हा अडीचला. त्या दिवशी निम्मे लोक धावले. शुक्रवारी फक्त शाळेची पोरं, कारण त्यांना अर्धा तास सुट्टी मिळायची. शनिवारी हे मोताळ्याहून आले आणि म्हणाले, “मोटारस्टँडवर उतरलो तर टांगेवाला विचारतो, साहेब, घंटीवाल्या बाईच्या गल्लीत सोडू का?” यांनी ते हसत सांगितलं. मी बी.ए. आहे. अमरावतीच्या कॉलेजात तर्कशास्त्रात पहिली होते. माझं नाव पद्मजा आहे. पण मलकापुरात तीन दिवसांत मी घंटीवाली बाई झाले.

मोतीराम आला. म्हणाला, पाल असेल. पाल शोधली, पाल नव्हती. वच्छलाबाईंनी सांगितलं की या घरात आधी एक स्टेशनमास्तर राहत होता आणि त्याला घंटीची लय सवय होती, तो गेला तरी त्याचा जीव इथेच. “अव, त्याची बदली झाली होती,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “जीव अडकाले मराव लागते का?”

शेवटी मी वही घेतली. किती वाजता वाजते, हवा कशी, शैलू कुठे, मांजर कुठे, सगळं लिहिलं. सहाव्या दिवशी लक्षात आलं की दार पश्चिमेला आहे; बरोबर अडीचला ऊन पट्टीवर येतं, पितळ तापतं, फुगतं, आणि चौकटीच्या पट्टीला जाऊन भिडतं. चोरासाठी लावलेल्या यंत्रानं रोज नेमानं सूर्याला पकडलं होतं. मोतीरामला सांगितलं तर त्यानं टोपी काढली. “वहिनी, तुमचं डोकं म्हणजे!” मग म्हणाला की दुसरी, लहान घंटी अकोल्याहून आणावी लागेल, आणि तो त्याच संध्याकाळी मामेभावाच्या लग्नाला निघून गेला.

लोक मात्र चांगले. मी एकटी, पदरी लेकरू, म्हणून गल्लीनं आपसांत ठरवून टाकलं की घंटी वाजली की जवळच्यांनी बाईकडे जायचं, बटण बंद करून द्यायचं. कुणी पाहिलं तर म्हणायचं, “वाजू दे बे, घंटीवाल्या बाईची हाये.” बादल्या आता विहिरीवरच राहू लागल्या.

त्यानंतर उकंडराव एकदा आले. ओरडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. ते पायरीवर बसले, शैलूला बोटाला धरून उभं केलं आणि हळूच म्हणाले, “बाई, काल पानवाल्यानं मले पाह्यलं अन् हासून राह्यला. म्हणे, उकंडदादा, तुमची बी आता तिच्यासारखीच. तो मजाकमंदी म्हणत होता. पण मले रात्री झोप नाही आली.”

“मी काढते उकंडराव. मोतीराम आला की काढते.”

“तो कधी येते?”

“लग्नाला गेलाय.”

“हाव,” ते म्हणाले. “लग्नाले माणसानं गेलंच पायजे.”

त्या साध्या होकारानं, त्या ‘हाव’नं, मी उठले. वच्छलाबाईंनी मुख्य बटण बंद केलं, मी स्टुलावर चढले आणि वच्छलाबाईंच्याच सुपारीच्या अडकित्त्यानं तार तोडली. खूप मोठं काम केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी उकंडरावांना सांगायला गेले, तर ते बाजारात गेले होते. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला घंटी वाजली.

मी शैलूला भरवत होते. आवाज ऐकून पहिल्यांदा मीही कॅलेंडरकडेच धावले. मग भिंतीवरून लोंबणारी तोडलेली तार दिसली. वाजत होती ती माझी नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. वच्छलाबाई, भगवंतराव, नुकताच लग्नाहून परतलेला मोतीराम पक्कड घेऊन, आणि गल्लीतले दहाबारा जण.

“ती माझी नाही!” मी ओरडले. “जिनिंगची आहे! पळा!”

“होते बाई असं,” एक आजोबा प्रेमानं म्हणाले. “लाजाचं काय त्याच्यात?”

“अहो, तार तोडलीय मी! हे बघा!” मी तारेचं टोक त्यांच्या नाकापुढे नाचवलं.

भगवंतरावांनी चष्मा लावून ते टोक पाहिलं. “तार तुटलेली असून घंटी वाजत आहे, याचा अर्थ करंट उलट्या दिशेनं येतोय. लेखी कळवलं पाहिजे.”

“अर्थिंगचा मामला हाये,” मोतीराम म्हणाला. “घाबरू नका वहिनी, मी आलो ना.” आणि तो स्टुलावर चढला.

“वच्छलाबाई, तुम्ही तरी सांगा! कालच तोडली ना आपण?”

“तोडली त खरी,” वच्छलाबाई म्हणाल्या. “पण त्या स्टेशनमास्तराचं काय सांगाव?”

मोतीरामनं घंटीला कान लावला. घंटी गप्प होती. बाहेर आवाज चालूच होता. त्यानं दुसरा कान लावला. मग त्याचा चेहरा बदलला. स्टुलावरूनच तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात जळक्या कापसाचा वास घरात आला. तो वास आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतो.

सगळे पळाले. मी शैलूला कडेवर घेऊन त्यांच्या मागे. बादल्या कुणाकडेच नव्हत्या. फाटकाशी उकंडराव नव्हते. त्यांनी आपल्या डोक्याचा पटका सोडून बटण दाबलेलं राहील असं बांधून ठेवलं होतं आणि स्वतः आत गेले होते. गाव येईल म्हणून त्यांनी किती वेळ वाट पाहिली, कोण जाणे. आम्ही आलो तेव्हा ते ओलं पोतं घेऊन दुसऱ्या गंजीवर मारत होते, आणि पोतं कोरडं झालेलं त्यांना कळलं नव्हतं.

एक गंजी, एक टिनाची शेड आणि दुसऱ्या गंजीचा चौथा हिस्सा गेला. माणूस कुणी गेलं नाही. उकंडरावांचे दोन्ही तळहात मात्र भाजून पांढरे पडले होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात विनोद फार नाही. चौकशी झाली. शेटजींचं म्हणणं, चौकीदारानं वेळेवर घंटी वाजवलीच नाही. उकंडरावांचं म्हणणं, वाजवली. साक्षीला गल्ली बोलावली. एकेकाला विचारलं, “घंटी ऐकू आली का?” एकेकानं मान हलवली, “नाही साहेब, झोपलो होतो.” ऐकली म्हणावं तर मग गेला का नाहीस, हा प्रश्न पुढे उभा. भगवंतरावांनी “दुपारच्या सुमारास मला श्रवणाचा त्रास असतो” असं लिहून दिलं. मोतीरामनं खाली बघत सांगितलं की तो लग्नाला होता. वच्छलाबाई रडल्या, पण रडणं नोंदवता येत नाही.

मी सांगितलं, “वाजली. मी ऐकली. सलग वाजत होती.”

चौकशी अधिकाऱ्यानं कागदावरून मान वर केली. “घंटीवाल्या बाई तुम्हीच ना?”

“हो.”

“मग तुमची वाजली की त्यांची, हे तुम्हाला कसं कळलं?”

“माझी मी आदल्या दिवशी तोडली होती.”

“मंजुरी घेऊन तोडली का?”

मंजुरी नव्हती. बसवायची होती, तोडायची नव्हती. कागदोपत्री माझी घंटी त्या दिवशी चालू होती. त्यानं ‘साक्षीदार संभ्रमित’ असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. हे तेव्हा गावात होते. बाहेर आल्यावर त्यांनी शैलूला माझ्याकडून घेतलं आणि त्या दिवशी ते हसले नाहीत.

उकंडरावांना शेटजींनी कामावरून काढलं. हात बांधलेलेच होते, तशातच त्यांचे जावई बैलगाडी घेऊन आले आणि त्यांना पिंपळगाव राजाला लेकीकडे घेऊन गेले. निघताना मी गेले होते. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “बाई, पोरगी आता उभी राह्यते का बिना बोटाची?” मी म्हटलं, “राहते.” गाडी निघाली.

मग यांची बदली झाली आणि आम्ही चांद्याला आलो. इथे दाराला साधं कुलूप आहे. पिंपळगावला मी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. त्यांना लिहिता येत नाही, हे खरं. पण लेकीला येतं, शाळेतल्या पोरांना येतं.

तुमच्यापैकी कुणी खामगावकडे जाणारं असेल, तर थोडी वाट वाकडी करून पिंपळगाव राजाला उतरा. उकंडराव म्हणून विचारा, मलकापूरच्या जिनिंगवर होते ते. कसे आहात विचाराल तर ते ‘बरं हाये’च म्हणतील, त्यावर जाऊ नका. चहा मागून घ्या, तो ते देतीलच. त्यांचा स्वतःचा कप ते एका हातानं उचलतात, की दोन्ही मनगटांत धरून, एवढं बघा, आणि मला कळवा.